डाव्या मनगटाचं माप

१

घड्याळाचा पट्टा घरी बदलायला काय लागतं, असं विचारलं तर निम्मे लोक सांगतात, "काही नाही हो, एक टोकदार सुरी बास." असं सांगणाऱ्यांची घड्याळं एकदा बघावीत. पट्टा जिथं अडकतो त्या घड्याळाच्या कानांवर ओरखडे, पट्टा तिरका, आणि पट्ट्याला धरून ठेवणारी ती स्प्रिंगची बारीक दांडी उडून कपाटाखाली गेलेली. मी शर्टांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं कटर आहे, कापड कापते. हत्यार चुकलं की हात कितीही चांगला असो, काम नासतं. हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणून आमच्या घरात पट्टे बदलायचं खातं माझ्याकडे. आमच्या ह्यांचं सलून आहे, दोन गल्ल्या पलीकडे. दिवसभर पाणी, साबण, केस. चामड्याचा पट्टा चार महिन्यांत कुजतो. मग एका रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरते, घड्याळ पालथं ठेवते, ओरखडा उठू नये म्हणून कानांना कागदी चिकटपट्टी लावते आणि बेचक्याच्या टोकाच्या सळईनं दांडी दाबून पट्टा सोडवते. दहा मिनिटांचं काम. हे समोर चहा पीत बसतात आणि दर वेळी विचारतात, "डॉक्टर, पेशंट वाचेल का?" विनोद एकच, पण त्यावरची निष्ठा मोठी.

घड्याळ तसं आमचं नव्हे. एक गिऱ्हाईक आरशासमोर काढून ठेवून विसरून गेलं. ह्यांनी दोन वर्षं खणात सांभाळलं, कुणी न्यायला आलं नाही. "चेहरा आठवत नाही का त्याचा?" मी विचारलं होतं. हे म्हणाले, "मान आठवते." मग वापरायला काढलं. वेळ अगदी बरोबर दाखवतं, आजही. तेवढं श्रेय मी त्याला देते.

त्या रविवारी खरं तर बदलायचं काही नव्हतं. आठवड्यापूर्वीच मी नवा पट्टा घातला होता, तो कडक वाटला म्हणून तेलाचा हात फिरवायला घेतला. बक्कल ज्या भोकात रोज बसते तिथं चामड्यावर आडवा वळ पडतो, हे कुणीही पाहिलं असेल. ह्यांचं भोक चौथं. शेंड्याकडून मोजायचं, तिथून घड्याळाकडे जावं तसा पट्टा आवळत जातो. वर्षानुवर्षं चौथंच. चौथ्या भोकावर काहीच नव्हतं. वळ पाचव्यावर होता.

"अहो, पट्टा आवळून घालताय का हल्ली?"

"नाही बुवा. चौथं."

"मग हे काय?"

त्यांनी पट्टा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "चामडं आहे, त्याच्या मनात येईल तिथं वळतं." आणि चहा संपवून दुकानात गेले. मी तेल पुसलं. चामड्याला मन असतं, हे मी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

२

कोपऱ्यावर एक घड्याळवाला बसतो. त्याच्या डाव्या डोळ्यावर सदोदित भिंग असतं, बोलतानाही काढत नाही, म्हणून सगळे त्याला भिंगवालाच म्हणतात. मी पट्टा त्याच्या काचेवर आपटला.

"वापरलेला माल विकतोस?"

"ताई, सकाळी सकाळी काय हे!"

"पाचव्यावर वळ आहे. आमचं भोक चौथं आहे. म्हणजे आधी कुणीतरी वापरून परत केलेला आहे."

त्यानं पट्टा भिंगाखाली धरला, भोकाच्या कडा पाहिल्या, वास घेतला. "हा वळ ताजा आहे ताई. बक्कल तुमचीच आहे, हा बघा तिच्या खिळीचा ओरखडा. आठवडाभर कुणीतरी रोज पाचव्यात घातलाय."

"रोज चौथ्यात घातलाय. मी विचारलंय."

"तुम्ही त्यांना विचारलंत, मी पट्ट्याला विचारलं," असं म्हणून तो हसला. मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोडता येईना.

नवा पट्टा मी माझ्यासमोर पाकिटातून काढायला लावला. सातही भोकं कोरी, नखानं दाबून पाहिली. आणि गेलेच आहे तर हत्यारंही बघून घेतली, कारण माझ्या सळईचं बेचकं बोथट झालं होतं. त्यानं आधी तीस नगांची पेटी पुढे केली. तीस नगांच्या पेटीतली तीन हत्यारं कामाची असतात आणि तीही मऊ लोखंडाची, दुसऱ्या वापरात वाकणारी. मी ती परत सरकवली. त्यानं निमूटपणे आतून एक सळई काढली. एका टोकाला बारीक बेचकं, दुसऱ्या टोकाला बोथट सुई, मधे जाळीदार खाचांची मूठ. पोलाद असं की टेबलावर ठेवलं तर घुमावं. हातात घेतल्याबरोबर बोटं आपोआप जागेवर बसली.

"हे घ्या. हे ज्याच्या हातात असेल त्याचं ऐकतं," तो म्हणाला.

मी घेतली. वाईट हत्यार विकत घेण्याची सवय मला नाही.

३

पुढच्या रविवारी वळ सहाव्यावर होता.

मी डोकं शांत ठेवलं. माझं डोकं तापट आहे असं घरात बोललं जातं, पण मोजायची वेळ आली की ते थंड होतं. पट्टा सहाव्यावर जातो म्हणजे एक तर हे खोटं बोलतात, नाही तर ह्यांचं मनगट बारीक होतंय. खोटं ह्यांना जमत नाही, कान लाल होतात. राहिलं मनगट. मी गळ्यातली टेप काढली. ती माझ्या गळ्यात रविवारीही असते.

"हात इकडे करा."

हे डावा हात मांडीवर ठेवून बसले होते, उजव्यानं चहा पीत होते. कप ठेवला आणि उजवा हात पुढे केला. मी टेप लावली. पावणेसात इंच. लग्नाचा शर्ट शिवला तेव्हा पावणेसात, आजही पावणेसात. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या हातावर एक चापट मारली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडाकडे जरा निरखून बघत होते.

"काही नाही. तुम्ही ठीक आहात."

"बरं," ते म्हणाले, आणि कप पुन्हा उचलला.

त्या आठवड्यात मी डबा द्यायला दुकानात गेले. ह्यांचं कसब मला फार आवडतं, लग्नाआधीपासून आवडतं. डाव्या हातात कंगवा, उजव्यात कात्री. कंगवा केस उचलतो, कात्री त्याच्यामागून चालते, जणू दोघांचं आधीच काही ठरलेलं असावं. त्या दिवशी कंगवा पडला. त्यांनी उचलला, धुतला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पडला. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, तुमचा हा हात मानेला गार लागतो हो. एकच हात कसा गार लागतो?"

"पाण्यात असतो ना सारखा," हे म्हणाले.

त्यांचे कान लाल झाले होते. मला ते दिसलं. दिसून मी काय केलं, तर डबा ठेवला आणि कारखान्यात गेले, कारण पावणेसात आकडा मी माझ्या हातानं मोजला होता.

पुढच्या रविवारी सातवं. पुन्हा मोजलं, पुन्हा पावणेसात. सातव्यापुढे भोकच नाही. मी घड्याळ ह्यांच्या हातातून काढूनच घेतलं आणि कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. पट्टा मोकळा सोडला होता, बक्कल न लावता. दुपारी मी इस्त्री करत असताना कपाटातून खट असा आवाज आला, अगदी छोटा. डबा उघडला. पट्टा सातव्या भोकात बक्कल लावून गोल उभा होता. आत मनगट असल्यावर उभा राहतो तसा.

४

पोलादाला वळ पडत नाही. माझा विचार साधा होता. चामडं फुगतं, आकसतं, दमट हवेत काहीही करतं. हे सगळं चामड्याचं नाटक असू शकतं. चेन घातली की नाटक संपलं. चेनला भोकं नसतात. तिला लहान करायचं तर एकेक कडी काढावी लागते आणि कडी काढायला हत्यारं लागतात. आणि हत्यारं माझी होती.

भिंगवाल्याकडून मी तीन वस्तू आणल्या. खाचा पाडलेला नायलॉनचा ठोकळा, म्हणजे चेन खाचेत उभी राहते आणि निसटत नाही. एक पंच, म्हणजे कडीतली पिन बाहेर ढकलायची जाड सुई. तिचं टोक पिनेपेक्षा केसभर बारीक हवं, जाड झालं तर अडकतं, फार बारीक झालं तर वाकतं. आणि पितळी डोक्याची हातोडी, मुठीत मावेल एवढी. चेनच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेनंच काढायची, उलटी ठोकली की घर बिघडतं. हे सगळं त्यानं मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा ऐकून घेतलं, यावरून माझी मनःस्थिती ओळखावी.

चेन मी पावणेसातवर बसवली. घड्याळ टेबलावर टॉवेलवर ठेवलं. हत्यारं शेजारी, मोठ्याकडून छोट्याकडे, माझ्या सवयीप्रमाणे.

पहिल्या दिवशी एक कडी काढलेली सापडली. मी परत घातली. दुसऱ्या दिवशी दोन. परत घातल्या. तिसऱ्या दिवशी तीन. हे दुकानात असत, मी कारखान्यात, घराला कुलूप. पिना कड्यांच्या शेजारी सरळ रेषेत मांडलेल्या, बाणाच्या दिशेनं काढलेल्या, एकही ओरखडा नाही. माझ्यापेक्षा नीट काम. खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला मत्सर वाटला.

पाचव्या दिवशी मी कामाला दांडी मारली. ह्यांना सांगितलं नाही. दुपारी स्वयंपाकघरात बसले, दार अर्धं उघडं ठेवून. लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. अशा उजेडात माणसाला काही होत नाही, असं मी मनाशी म्हणत होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हातोडीचा आवाज आला. तीन हलके ठोके, मग थांबून एक जोराचा.

माझी ठोकायची पद्धत आहे ती. तीन ठोक्यांनी पिन सैल करायची, मग अंदाज घेऊन एक. मला कुणी शिकवलेली नाही, कुणाला मी शिकवलेली नाही.

मी धावले. टेबलापर्यंत सात पावलं. खोलीत कुणी नव्हतं. हातोडी आडवी पडली होती. एक कडी टॉवेलच्या काठावरून अजून घरंगळत होती. ती खाली पडली आणि मी तिच्यावर पाय ठेवला. घड्याळाच्या कानांना कागदी चिकटपट्टी लावलेली होती. कड्या काढायला चिकटपट्टी लागत नाही, ती फक्त पट्टा बदलताना लागते. मी लावते म्हणून लावली होती. मी नेहमी कात्रीनं कापते, सरळ. ही दातांनी तोडलेली होती. कागदाच्या काठावर ओल होती आणि दातांच्या बारीक खुणा होत्या.

"कोण आहे?" मी ओरडले. "समोर ये! बायकांच्या पाठीमागे काय कामं करतोस?"

रेडिओवरच्या बातम्या संपल्या, गाणं लागलं. मी चिकटपट्टी सोलून गॅसवर जाळली आणि पाचही कड्या परत बसवल्या. एकही पिन तिरकी गेली नाही.

५

आठव्या दिवशी आठ कड्या निघालेल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी मी ह्यांना नवा शर्ट घालून पाहायला दिला. शर्ट मीच कापला होता, मीच शिवला होता. हे आरशासमोर उभे राहिले. उजव्या हाताचं बटण लागलं, कफ मनगटावर छान बसला. डाव्या हाताचा कफ बटण लावलेलं असूनही घसरला, पंजावरून खाली आला आणि बोटांच्या टोकांशी लोंबकळू लागला.

इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. शर्टाचं माप घेताना आम्ही मनगट उजवंच मोजतो. डाव्यावर घड्याळ असतं, टेप नीट बसत नाही. म्हणून उजव्याच्या मापात पाव इंच मिळवायचा आणि तो डाव्याचा कफ धरायचा. एकोणतीस वर्षांत मी हजारो मनगटं मोजली असतील. डावं एकही नाही. कुठल्याच कटरनं मोजलेलं नसेल. हात पुढे करा म्हटलं की माणूस उजवा पुढे करतो आणि आपण टेप लावतो.

मी कफ वर सारला.

हात ह्यांचाच होता. तोच तीळ अंगठ्याशी, तोच कात्रीचा जुना व्रण. पण तो हात सात वर्षांच्या पोराच्या शर्टात शोभला असता. मी टेप लावली. पावणेपाच. टेबलावरच्या चेनमधून टेप फिरवली. पावणेपाच.

"कधीपासून?" मी विचारलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असेल?"

"दर रविवारी मोजत होतीस ना. मोजायचीस, आणि म्हणायचीस ठीक आहे. मला वाटलं तू दोन्ही हात बघून घेतेस. म्हटलं घाबरली असेल, तोंडावर आणायचं नसेल. मग मीही कशाला बोलू?" ते पलंगावर बसले. "कंगवा धरवत नाही गं आता. रबर गुंडाळून बघितलं."

मला रडू कोसळलं. रडले, भरपूर रडले, लाज कसली त्यात. चार आठवडे हा माणूस हात मांडीखाली लपवून माझ्या धीरासाठी गप्प बसला होता आणि मी चुकीचं मनगट मोजून निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. फोटो काढले, सुया टोचल्या, शिरा तपासल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, समजूतदार. शेवटी फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, "हाताला आजार काहीच नाही. हाडं निरोगी, सांधे निरोगी. फक्त लहान आहे. जन्मापासून असाच आहे का?"

घरी येताना हे म्हणाले, "फेकून दे ते घड्याळ. नदीत टाक."

"टाकलं तर त्याचं काम थांबेल असं कुणी सांगितलं? डब्यात ठेवलं तेव्हा थांबलं का? उलट आपल्याला दिसणारसुद्धा नाही. एक दिवस कड्या संपतील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही."

"कड्या संपल्यावर काय होईल?"

दोघांनाही उत्तर येत होतं. हातानंतर खांदा असतो, खांद्यानंतर माणूस असतो.

६

मी विचार केला तो कटर म्हणून. ते माप घेतंय. कुणाचं? घड्याळ ज्याच्या हातात असेल त्याचं नाही. घड्याळ डब्यात होतं तरी घेतलं. मी पट्टा ज्याच्या मापावर बसवला त्याचं. चौथं भोक मी ठरवलं, पावणेसात मी ठरवलं. कापड कुठून कापायचं ते खडूची रेघ ठरवते, आणि ती रेघ मी ओढली होती. मग ती मीच पुसणार.

चेन घेऊन मी भिंगवाल्याकडे गेले आणि माझा डावा हात त्याच्या काचेवर ठेवला. जड कात्री चालवून माझं मनगट रुंद झालंय, सात इंच. "हिला माझ्या मापाची कर. कड्या घाल, आणि मग सगळ्या पिना दोन्ही बाजूंनी ठोकून चपट्या कर. चेन उघडायचा खटकासुद्धा बंद करून टाक. पुन्हा निघता कामा नये."

"हातातच?"

"हातातच."

"ताई, मग काढायची झाली तर करवत लागेल."

"लागू दे."

त्यानं पहिल्यांदाच डोळ्यावरचं भिंग काढलं. खाली साधा डोळा होता, थोडा लाल. "काय झालंय ते सांगणार नाही का?"

"हरवू नये म्हणून करतेय."

त्याला ते पटलं नाही, पण हत्यार ओळखणारा माणूस आहे, माझ्या आवाजातही त्याला काही दिसलं असेल. कातडी आणि चेन यांच्यामधे त्यानं पोलादाची पातळ पट्टी सरकवली, म्हणाला, "हलू नका," आणि एकेक पिन ठोकत गेला. वरून हातोडी, खालून ऐरण. प्रत्येक डोकं दाबून, घासून, कडीशी सपाट केलं. अंगठा फिरवला तरी कुठं सुरुवात, कुठं शेवट, कळेना. पाऊण तास लागला. त्याच्या कपाळावरून घाम घड्याळाच्या काचेवर पडला तो मी पुसला.

घरी येऊन मी सळई, पंच, हातोडी, ठोकळा एका फडक्यात बांधलं आणि कारखान्यातल्या माझ्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. इतकी चांगली हत्यारं मी कुणाला सुखासुखी वापरू देणार नव्हते.

ह्यांनी संध्याकाळी माझा हात पाहिला. आपल्या लहानशा हातानं माझी बोटं धरली आणि पुष्कळ वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. दर रविवारी मी मोजते, आता डावा हात आधी. ह्यांचा पावणेपाच, पावणेपाच, पावणेपाच. जे गेलं ते परत आलं नाही, पण पुढे एक सूतही गेलं नाही. ह्यांनी कंगव्याला मोठी मूठ बसवून घेतली आहे आणि आता एकेक केस सुटा उचलतात. गिऱ्हाइकं म्हणतात, पूर्वीपेक्षा बारीक काम. माझा सात.

पण दुपारी, मी एकटी असले की, ते येतं.

आज सुट्टीच्या दिवशी घरीही आलं. मी टेबलाशी बसले होते, समोर कापलेल्या कॉलरींची चळत. ऊन खिडकीतून हातावर पडलं होतं. आधी गारठा, फक्त मनगटाभोवती. मग पहिल्या कडीवर दाब. कुणीतरी नख लावून पिनेचं डोकं चाचपावं तसा. कडीखालची कातडी आत गेली, तिथं पांढरी खळी पडली, बोटाच्या पेराएवढी, फार लहान पेर. तिथं नाही मिळालं. दाब पुढच्या कडीवर सरकला. तिथंही नाही. मग तिसरी. सावकाश, नीट, न कंटाळता. चांगला कारागीर शोधतो तसं. पूर्ण फेरी झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, पण या वेळी दाब दोन बाजूंनी होता, आणि माझ्या तळव्यात, अगदी मधोमध, कुणाचा तरी श्वास लागत होता. दातांनी प्रयत्न करून बघत होतं.

माझ्या अंगावर काटा आला, नाही असं मी म्हणत नाही. पण हात मी मागे घेतला नाही. उलट बाही कोपरापर्यंत वर केली, हात उन्हात सरळ ठेवला, म्हणजे नीट दिसावं.

"शोध," मी म्हणाले. "हवं तितकं शोध. पिन नाही, हत्यार नाही. माझ्या माणसाचा हात लहान करायला निघाला होतास ना? आता माझा करून दाखव."

दाब थांबला. मग संतापून एकाच कडीवर आला, इतका की हाड दुखलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी दुसऱ्या हातानं टेबल धरलं आणि बसून राहिले.

दाराशी किल्ली फिरली. हे दुपारच्या जेवणाला आले होते. बाहेरूनच म्हणाले, "कुणाशी बोलतेस गं?"

"माप घ्यायला आलंय कुणीतरी," मी म्हणाले. "देत नाहीये मी."